मूठभर जास्त मीठ

जिझानची दुपार म्हणजे जागेपणी पडलेलं स्वप्नच. समुद्रावरून ओली पांढरी वाफ येते, समोरच्या इमारती पुसट होतात, दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एसीची घरघर ऐकत पडलं की आपण रत्नागिरीत आहोत की इथे, घटकाभर कळतच नाही. मला दुपारी झोप कधी लागली नाही. हे कामावर, मुलं शाळेत. मी दार ओढून घेऊन समोरच्या खालाकडे जायची.

खाला म्हणजे आमच्याच मजल्यावरची सुदानी बाई. माझ्या आईच्या वयाची, नवरा वारलेला, लेकीकडे राहायची. मला बिन्ती म्हणायची, म्हणजे माझी लेक. बाजारात घासाघीस करून शिकलेली माझी अरबी ऐकून पोट धरून हसायची, पण तिला समजायचं सगळं. छोट्या शेगडीवर ती कॉफीच्या बिया भाजायची, त्यात आलं कुटून घालायची, निखाऱ्यावर ऊद टाकायची. मी मोगऱ्याचा गजरा न्यायची. इथे तो रस्त्यावर विकतात, अगदी गावासारखा. त्या धुरात नि त्या वासात दुपार कुठे विरघळून जायची, अल्ला जाणे.

खालाचा जीव मात्र फोनमध्ये. धाकटा मुलगा तिकडे सुदानात फौजेत, आणि तिकडे यादवी पेटलेली. एकाच देशातली माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली. मुलगा पलटणीच्या भटारखान्यात रोट्या भाजायचा. त्याची पलटण लढाईच्या अगदी तोंडाशी होती. खालाचा भाऊ दुसऱ्या पलटणीत छोटा अधिकारी, दूर बंदरावर, जिथे अजून शांत होतं. भाच्याची बदली आपल्याकडे व्हावी म्हणून मामा धडपडत होता. मामाचा साहेब तयार, पण मुलाचा साहेब हटून बसलेला. "दुसरे दहा शिपाई न्या, हा मिळणार नाही." त्यावर मामाच्या साहेबाने जुनं उकरून काढलं, "मागे माझा मेकॅनिक नेलास, तो परत केलास का?" दोघं फोनवर कडाकडा भांडले. वरच्या साहेबाकडे गेले, तर तो म्हणाला, तुमचं तुम्ही बघा.

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. "खाला, माणूस आहे की पाटा-वरवंटा? शेजारणीने नेला नि परत द्यायचं नाव नाही!" पाटा-वरवंट्याला अरबीत काय म्हणतात ते मला कुठलं यायला! हातवारे करून सांगितलं. खाला त्यातही हसली.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे इथल्या रिफायनरीत फोरमन. म्हणाले, "चांगल्या माणसाला कोण सोडतो? आमच्याकडे एका वेल्डरसाठी दोन फोरमन हातघाईवर येतात. बिनकामाचा असला, तर स्वतः गाडीत बसवून पाठवतात."

तेव्हा मला माझी धाकटी जाऊ आठवली. लग्न होऊन आली आणि पहिले काही दिवस नुसत्या करपलेल्या भाकऱ्या वाढल्या. शेवटी सासूने हात जोडले, "बाई गं, तू चुलीपासून लांबच राहा." बया आजतागायत आयती बसून खाते, आणि भाकऱ्या माझ्या नशिबी! दुसऱ्या दिवशी मी खालाला तेच सुचवलं. मुलाला सांगा, रोट्या बिघडव. मीठ ओत. साहेब स्वतःच हाकलेल.

"तोबा!" खालाने कानांना हात लावले. तिनेच त्याला शिकवलं होतं. लहानपणी तो तव्याजवळून हलायचा नाही म्हणे. अन्नात खोट करायला त्याला कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाली. मीही मग तो विषय सोडला. पण पुढे त्याच्या तळाजवळच तोफगोळा पडल्याचं कळलं, आणि तिने माझ्यासमोर फोन तोंडाशी धरला. "बाळा, पिठात मीठ जास्त घाल. मूठभर जास्त." तिचा आवाज तिचा वाटतच नव्हता.

उत्तर यायला बरेच दिवस गेले. एका दुपारी तिने मला बोलावून घेतलं आणि त्याचा आवाज लावला. मागे वारा घोंघावत होता. मला नाही कळलं तिथे ती थांबवून सांगायची.

"अम्मा, घातलं मीठ. वाटलं, आता माझ्या अंगावर फेकतील. कुणी काही बोललं नाही. पाणी पिऊन पिऊन सगळ्यांनी खाल्लं. साहेबानेही. एकाने तर अजून आहे का विचारलं. आता असलं काही मला सांगू नकोस."

इतके दिवस तो सांगत आला होता, इथे पोटभर मिळतं.

खाला रडली नाही. तिने भावाला फोन लावला. "साहेबांना म्हणावं भांडू नका. बदली नको. खलास."

मी चवताळलेच. "खाला, तुमच्या पोटचा गोळा आहे तो!"

"तो घाबरला असता, तर मी सगळ्यांचे पाय धरले असते," ती म्हणाली. "त्याला लाज वाटली, बिन्ती, भुकेल्यांचं अन्न नासवल्याची. त्याच्यापुढे मी काय बोलू?"

गजरा तसाच पुडीत राहिला. घरी आले, स्वयंपाक केला, कसा केला कोण जाणे. हे जेवायला बसले. आमचे हे म्हणजे चिमूटभर कमीजास्त झालं तरी नाक मुरडणारे, आणि त्यावरून आमची रोजची जुंपलेली. माशाच्या कालवणाचा पहिला घास घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली मान घालून जेवू लागले. एक घास, एक घोट पाणी. एक घास, एक घोट पाणी.

मी चाखून पाहिलं. मिठाने जीभ आखडली.

"बोला ना काहीतरी!" मी ओरडले. "नावं ठेवा! ताट सारा बाजूला!"

"असू दे गं, चालतंय," हे म्हणाले आणि वाटी पुढे केली, "अजून वाढ."

मी ती वाटी हिसकावून घेतली आणि तिथेच खाली बसून हमसून हमसून रडले.