तिच्या तोंडातलं पांढरं

बायको गेली त्याला आता दुसरा उन्हाळा. दुपारी पडलो की डोळा लागतो न लागतो, तोच जाईचा पाला उकळल्याचा वास येतो. गॅस बंद असतो, तरी वास येतोच. मी उठून बघत नाही. उठलं की तो जातो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर माझा जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी. ती त्याच शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायची. सुटी झाली की दोघांच्या भुवयांवर सुताचं पांढरं तूस बसलेलं असायचं. ती पदरानं माझं झाडायची, मी हातानं तिचं. लोकांना दिसेल असं आमचं प्रेम तेवढंच. पुढं तेच तूस तिच्या छातीत जाऊन बसलं. दम लागायला लागला, डॉक्टरांनी तोंडातनं ओढायचा पंप दिला.

काही महिन्यांनी तिचं तोंड आलं. जिभेवर, गालाच्या आत पांढरे थर. दारात उजेडाला नेऊन बघितलं आणि मला वाटलं, तूसच आहे. हसू नका. इतकी वर्षं जे नाकातोंडातनं आत गेलं ते आता वर आलं, असंच वाटलं मला. टॉवेलचं टोक ओलं केलं, बोटाला गुंडाळलं आणि मागाची फणी पुसावी तसा पुसायला लागलो. थोडं निघालं. खाली लालभडक मांस, त्यातनं रक्त. तिनं माझं मनगट धरलं. ओरडली नाही.

शेजारी एक तेलुगू बाई राहते, तिच्या दारात जाईचा वेल आहे. तिनं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मामा, तोंड हाय ते, फरशी न्हाय."

ओंजळभर पाला दिला. बाभळीची साल घालून उकळा, गाळा, कोमट गुळण्या द्या, म्हणाली. "पण आदी दवाखान्यात घेऊन जावा."

गेलो. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, ही बुरशी आहे. पंपाचं औषध तोंडात राहतं, ते चूळ भरून टाकायचं असतं, नाहीतर बुरशी धरते. मग माझ्याकडं वळले. "पंप दिला तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं की. यांना सांगितलं नाही का?"

त्यांनी सांगितलं होतं. दाबायचं कसं, ओढायचं कसं, दम धरायचा कसा, ते सगळं मी घरी येऊन तिला शिकवलं. चूळ तेवढी गाळली. साध्या पाण्याची चूळ म्हणजे काय औषध आहे, असं वाटलं मला.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "सांगितलं हुतं की ह्यांनी. मीच कट्टाळा केला."

रिक्षात मी विचारलं, "खोटं कशाला बोललीस?"

"भाईरच्या माणसानं तुमाला बोललेलं मला चालायचं न्हाय. बोलायचं तवा मी बोलीन."

पण बोलली नाही. आठ दिवस झाले, दहा झाले, त्या चुळीचं नाव नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला भाकर गोड लागली असती.

डॉक्टरांनी दिलेले तोंडात टाकायचे थेंब चालू होते. काढ्याचं विचारलं तर म्हणाले, गुळण्या करा, गिळू नका, आणि थेंब चुकवू नका. म्हणून थेंब टाकून झाले की मधल्या वेळात मी पाला उकळायचो. पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं. खिडकीला टॉवेल लावलेला, त्यातनं पिवळा उजेड यायचा आणि वाफ त्यात तरंगत राहायची. ती भिंतीला टेकून गाल फुगवून बसायची, डोळे मिटलेले. मी वीसपर्यंत मोजायचो. कधी मोजता मोजता बाराच्या पुढं मीच कुठं तरी हरवायचो. दूर कुठले तरी माग खडखडत असायचे, आणि समोर ती विशीतली, भुवयांवर तूस घेऊन बसलेली दिसायची. पुसायला हात पुढं केला की कळायचं, ते तूस नाही, भुवयाच पांढऱ्या झाल्यात. गाल फुगवलेली म्हातारी माझ्याकडं डोळे वटारून बघत असायची, किती वेळ धरू म्हणून.

खाणं मात्र नावाला. दूधभात दोन घास. "कसं लागतंय?" म्हटलं की म्हणायची, "लागतच न्हाय कायबी." बरं नाही, वाईट नाही. ताट सरकवायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. हे माझ्यामुळं, हे मला कळत होतं.

हळूहळू थर विरळ झाले, जीभ गुलाबी दिसायला लागली. थेंबांनी गेलं का पाल्यानं, मला सांगता येणार नाही. शेजारीण म्हणते पाल्यानं. मी भांडत नाही.

एका सकाळी मी भाकरी थापली, जमेल तशी. दुधात कुस्करून तिच्यापुढं ठेवली. तिनं एक घास घेतला, चावला, थांबली. अजून एक घेतला. मग माझ्याकडं बघितलं.

"करपलीया."

मी ताटात डोकावून बघितलं.

"करपलीया म्हनते मी. पंप दिला तर चूळ भरायचं सांगत न्हाय ह्यो मानूस, भाकरी टाकली तर उलटायचं बघत न्हाय. कसला संसार केला म्या ह्याच्यासंगं, काय म्हाईत."

मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो. म्हटलं, "आजून बोल."

"बोलते की. घास तर गिळू द्या आदी."