पाळीआधीचा आठवडा

"माफ करा सेठजी, म्हण. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू दे."

सुपरवायझर बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला, परगावचे कॉल जोडायचा ट्रंक बोर्ड. सत्तरच्या दशकातली गोष्ट. हेडफोनमधून गांधीबागचा एक कापडवाला शिव्या देत होता, कारण त्याचा मुंबईचा कॉल लागत नव्हता. लाइनच खराब, मी काय करणार? समजावून थकले. मग माझाच आवाज चढला. "ओरडू नका," म्हणाले, वायर उपटली आणि ढसाढसा रडायला लागले.

बाईंनी सेठजींना पुन्हा लाइनवर घेतलं. मी माफी मागितली. हुंदके देत मागितली. ओळीतल्या मुली माना खाली घालून ऐकत होत्या. जाता जाता बाई म्हणाल्या, "दीक्षा घेतली म्हणून संस्कार येत नाहीत."

तेव्हा मला ते खरं वाटलं. आजही त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दर महिन्याला पाळीच्या आधीचा आठवडा माझा नसायचा. झोप उडायची. छाती भरून यायची. भाजीत मीठ कमी पडलं तरी रडू. लेकीनं पाणी सांडलं तरी हात उठायचा. पाळी आली की सगळं ओसरायचं, आणि मी लेकीला कुशीत घेऊन बसायची. वाटायचं, मीच वाईट आहे.

एक्स्चेंजमध्ये एक रिवाज होता. पाळी आलेल्या मुलीनं बाईंच्या कानात सांगायचं, बाई तिला चौकशीच्या शांत बोर्डावर बसवायच्या. एकदा मीही सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही लोक विटाळ पाळत नाही ना? मग तुला सवलत कशाला?" खरंच होतं. बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून आमच्या आईनं बाहेर बसणं सोडलं होतं. विटाळ गेला. दुखणं कुठं जाणार? पण सवलत विटाळाला होती, दुखण्याला नव्हती.

शेवटी सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच विचारलं, रडू नेमकं कधी येतं? मग म्हणाल्या, "हे वेड नाही, स्वभावही नाही. शरीर आणि मन, दोन्ही एकदम कावतात. नुसत्या गोळीनं भागणार नाही. वेळेवर जेव, चहा कमी कर, सकाळी चाल, झोप मोडू नको. घरी सांग. कामावरही सांग."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मले आधी काहून नाही सांगितलं वं?" त्या आठवड्यात भाकरी तो टाकू लागला. जाड, करपलेल्या. सकाळी आम्ही दोघं चालायला जाऊ लागलो. रडू कमी झालं. गेलं नाही.

कामावर सांगायचं राहिलं होतं. पुढच्या महिन्यात छाती भरून यायला लागली तशी मी बाईंकडे गेले. "पाळी यायची आहे. मला आत्ताच शांत बोर्ड द्या."

"आलीच नाही आणि सवलत? नाटकं बंद कर."

त्याच दुपारी एका वकिलानं लाइनवर आईवरून शिवी दिली. "नीट बोला," म्हणाले आणि कॉल तोडला. बाई पुन्हा खुर्चीमागे. "माफी माग."

डोळे वाहत होते. ऑफिसात मी जपून पुस्तकी बोलायची, ते सगळं गळून पडलं.

"नाही मागत, बाई. मले त्रास होऊन राहिला. मी रडून राहिली, पण चूक माही नाही."

बाईंनी हेडफोन काढून घेतला. सुट्टी होईपर्यंत मला दाराशी स्टुलावर बसवलं. ओळीतल्या एकाही मुलीनं पाणीसुद्धा विचारलं नाही. मी तिथं बसून रडले आणि रडता रडताच ठरवलं. दर महिन्याला शांत बोर्ड मागीन. नाही म्हणतील, पुन्हा मागीन. रडू आलं तर रडत मागीन. पाळी एखाद वेळी चुकेल. माझं मागणं चुकणार नाही.