नुसते कारंजा

२००७ च्या मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगेच्या एका मुलीला संगणक परीक्षेचे केंद्र अमरावतीच्याही पुढचे, वाशिम जिल्ह्यातले कारंजा लाड मिळाले. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. परीक्षेचा वेब फॉर्म वर्ध्यात आम्ही दोघांनी तयार केला होता. मुलीचे वडील सारखे फोन करत होते.

"साहेब, पोरीले तिथं कशी पोचवू? आमच्या गावाले कारंजाच म्हणतेत न!"

फॉर्मच्या यादीत दोन्ही गावे नुसती 'कारंजा' अशीच दिसत होती. मुलीने वरचे निवडले. कोडमध्येही त्यांच्या जागी फक्त सात आणि आठ हे आकडे होते. सात म्हणजे कोणते, ते आम्हालाही पटकन सांगता येईना.

माझा सहकारी वर्ध्याजवळच्या सेलूचा. तो म्हणाला, "परभणीतबी सेलू आहे. उद्या मले तिकडं धाडशीन का बे?"

फोन पुन्हा वाजला. तो मी घेतला. सहकाऱ्याने आकडे काढून कोडमध्ये 'कारंजा_घाडगे', 'कारंजा_लाड' अशी कायमची नावे लिहिली आणि यादीतल्या प्रत्येक गावापुढे जिल्हा जोडला. मग मुलीची नोंद बदलली. संध्याकाळी नवे हॉल तिकीट निघाले.

सकाळी कारंजा घाडगेच्या केंद्रावरून फोन आला. मुलगी परीक्षेला बसली होती.