आमचे स्पेनचे व्याही

जगात लोपेझ आडनावाची जेवढी म्हणून माणसं आहेत ती सगळी आपली भावकी आहे, असं मनापासून मानणारा माणूस बहुधा एकच असावा आणि तो नेमका माझा व्याही निघावा, हा माझ्या नशिबाचा भाग. माझ्या मुलीनं वसईजवळच्या भुईगावच्या लोपीस मास्तरांचा मुलगा पसंत केला, तेव्हा मी सातारी माणूस फार मोठ्या तयारीनं बोलणी करायला गेलो होतो. चर्चमध्ये लग्न की मांडवात, मुलीनं धर्म बदलायचा की नाही, मटणाचं काय, अशी सगळी उत्तरं पाठ करून गेलो होतो. मास्तरांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. चहाचा कप माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "जगदाळे म्हणजे काय?" मी म्हटलं, "म्हणजे आम्हीच." "तसं नव्हे, अर्थ काय?" मला अर्थ ठाऊक नव्हता. पन्नाशी उलटून गेली तरी मला तो कोणी विचारला नव्हता. मास्तरांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की लग्न तिथंच जमलं.

मग त्यांनी स्वतःच्या आडनावाचा अर्थ सांगितला, तो मी आजवर निदान शंभर वेळा ऐकला असेल. लोपीस म्हणजे मूळचं लोपेझ, लोपेझ म्हणजे लोपेचा मुलगा, आणि लोपे हा शब्द लांडग्यावरून आलेला. थोडक्यात, लांडग्याचा बच्चा. हे आडनाव वसईत पोर्तुगिजांनी आणलं असं शाळेतली पोरंही सांगतील, पण मास्तरांना ते कबूल नव्हतं. "व्याही, मध्यंतरी पोर्तुगालवर स्पेनच्या राजाचं राज्य होतं. आमचे पूर्वज बरोबर त्या वेळचे." बरोबर त्या वेळचे कशावरून, तर मास्तरांना तसं वाटायचं म्हणून. एकदा चर्चच्या फादरनी त्यांना समजावलं, "मास्तर, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून जो उभा राहायचा त्याचं आडनाव लोकांना मिळायचं. रक्ताचा काही संबंध नाही." मास्तर शांतपणे म्हणाले, "मग फादर, तो धर्मपिता स्पॅनिश होता." फादर हात जोडून निघून गेले. खऱ्या स्पॅनिश उच्चारात शेवटचं अक्षर जीभ दातांत धरून म्हणायचं असतं, हे दाखवण्याचा त्यांना भारी सोस. नवी कवळी बसवली त्याच आठवड्यात आमच्या घरी माझ्या बहिणीसमोर त्यांनी तो उच्चार करून दाखवला आणि कवळी थेट पावाच्या बशीत. बहीण अजूनही आमच्याकडे पाव खात नाही.

आता एवढा लांडग्याचा वंशज म्हटल्यावर माणूस जरा शूर असावा. पण आमचे व्याही गल्लीतल्या कुत्र्याला पाहून विहिरीमागून लांबचा वळसा घालतात. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "कुत्री लांडग्याला बरोबर ओळखतात हो. म्हणून तर भुंकतात." या माणसाला वादात हरवणं शक्य नाही. टीव्हीवर फुटबॉल लागला की ते खेळ बघत नाहीत, पाठीवरची नावं वाचतात. मेक्सिकोत, अर्जेंटिनात, फिलिपिन्समध्ये, जिथं लोपेझ दिसेल तिथं "आपल्यातला" म्हणून खूश होतात आणि त्यानं गोल चुकवला की घरातलं कोणी नापास झाल्यासारखे गप्प बसतात. मग एके दिवशी त्यांनी कामणच्या रस्त्यावरच्या एका वेल्डिंगवाल्याकडून घराच्या फाटकासाठी लोखंडी लांडगा करून घेतला. वेल्डिंगवाल्यानं आयुष्यात लांडगा पाहिलेला नव्हता. फाटक बसलं आणि दुसऱ्याच रविवारी एक गृहस्थ स्कूटर थांबवून विचारू लागले, "बोकडाचं काय किलो?"

गंमत अशी की त्यांच्या आळीत सगळेच लोपीस. आडनाव सांगून तिथं कुरिअरवालाही कुठं पोचत नाही. म्हणून प्रत्येक घराला गावानं एक नाव ठेवलेलं. कोणी भोपळे, कोणाचा पणजा सतत खोकायचा म्हणून ते खोकले, आणि मास्तरांच्या आजोबांचा कोंबडा एकदा चर्चमध्ये मिस्सा चालू असताना वेदीवर चढून आरवला, म्हणून हे घर कोंबड्यांचं. सगळं गाव त्यांना कोंबड्यांचे मास्तर म्हणतं. एवढं नाव सोडून ते कशालाही ओ देतात.

विहीणबाई मात्र या स्पेनमध्ये कधी राहायला गेल्या नाहीत. त्या वाडीत केळी, अळू आणि कोंबड्या सांभाळत राहिल्या. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली तेव्हा माझ्या मुलीनं विचारलं, "आई, तुम्हाला काय हवं?" लग्नाच्या आधीच मास्तरांचे वडील वारले होते, म्हणून त्यांचं लग्न चार माणसांत उरकलं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या मांडवात एकदा सगळं गाव जेवायला बसलेलं बघायचंय. बाकी काही नको." मास्तर हेलावले, आणि सगळी व्यवस्था त्यांनी स्वतःकडे घेतली. चूक झाली ती इथं.

त्यांच्या गावात बोलावणं म्हणजे घरच्या माणसानं दारोदार जाऊन, ओट्यावर टेकून, पाणी पिऊन करायचं असतं. मास्तर म्हणाले, "स्पेनमध्ये कोणी दारोदार फिरत नाही. पत्रिका पुरे." पत्रिका जाड गुळगुळीत कागदावर छापली. वर लांडगा, खाली सोनेरी अक्षरांत स्पॅनिश थाटाची दोघांची नावं, आणि 'सहभोजनाचा आनंद घ्यावा' अशी विनंती. पेपरवाल्याकडून ती घरोघर पोचवली.

त्या संध्याकाळी वाडीत मांडव सजला होता. मैद्याचे गोल फुगे तळून टोपल्या भरल्या होत्या, मटणाचा वास रस्त्यापर्यंत जात होता. विहीणबाई ठेवणीतलं लाल लुगडं नेसून, अंगभर दागिने घालून खुर्चीत बसल्या होत्या. समोर आम्ही घरचे आणि मागं रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. बँडवाल्यांनी दोन गाणी वाजवली आणि वाद्यं मांडीवर ठेवली. विहीणबाई एकसारख्या वाटेकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी नवऱ्याला विचारलं, "स्पेनची मान्सं उशिरा जेवतात का ओ?"

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. मास्तरांचा चेहरा मला बघवेना. ते उठले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि मला म्हणाले, "व्याही, चला जरा."

पहिलंच घर भोपळ्यांचं. म्हातारी ओट्यावर लसूण सोलत होती. मास्तर दारात उभे राहिले. मग खाली बघत म्हणाले, "मावशी, कोंबड्यांकडं जेवन हाय. सगळ्यांनी यायचं."

म्हातारीनं लसूण खाली ठेवला. "तुमच्याकडं व्हय? ती पत्रिका तुमची? आमाला वाटलं, कोनी परदेशी मान्सानं समुद्रावर रिसॉर्ट काढलंय."

"आमचीच. या तुम्ही."

"मग आदी सांगायचं ना मास्तर," असं म्हणत ती उठलीच. पुढच्या घरी मास्तरांचा आवाज थोडा मोठा झाला. त्यापुढच्या घरी आणखी. शेवटी शेवटी तर ते फाटकातूनच ओरडत होते, "कोंबड्यांकडं चला!" आणि माणसं चपला शोधत बाहेर येत होती. कोणी घरच्याच कपड्यांत, कोणी ओले हात पुसत. जेवण पुरणार नाही या भीतीनं एकीनं स्वतःच्या घरचं भाताचं पातेलंच उचलून आणलं. बायकांनी विहीणबाईंना मधे बसवून लग्नातली गाणी सुरू केली. सगळे जेवायला बसले तेव्हा त्या उठून पंक्तीतून हिंडल्या, एकेकाच्या ताटात वाकून बघत. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि त्या हसत होत्या. मास्तर त्यांच्या मागून फुग्यांची टोपली घेऊन हिंडत होते.

त्यानंतर मास्तर बायकोसमोर स्पेनचं नाव काढत नाहीत. मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. मग मी त्यांना वाडीत एका बाजूला घेऊन विचारतो, "व्याही, त्या राजाचं काय म्हणत होतात?" ते आधी घराकडे बघून घेतात आणि हळू आवाजात सुरू करतात.

वसईत मला फ्लॅट घेऊन वीस वर्षं झाली. आमच्या इमारतीत मी म्हणजे तीनशे दोन. मी दारोदार जाऊन जेवायला बोलवायचं ठरवलं, तर कोण म्हणून सांगू, हे त्या संध्याकाळपासून मनातून जात नाही. परवा भुईगावला निघालो. रिक्षावाला तिकडचाच होता. त्यानं विचारलं, "भुईगावात कोनाकडं?" मी म्हटलं, "कोंबड्यांकडे. मी त्यांचा व्याही." त्यानं मागं वळून माझ्याकडे नीट पाहिलं, म्हणाला, "असं होय, मग आपलेच की," आणि पिशवी माझ्या मांडीवरून घेऊन स्वतःजवळ पुढं ठेवली. मला एकदम भरून आलं.