गाडी जड चालते, असं ती म्हणाली होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि हे ऐकल्यावर तुमचा चेहरा कसा होतो, ते मला दिसणार नाही.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा. मी संशयी माणूस आहे. गॅसची टाकी आली की ती काट्यावर चढवून बघणारा, दुकानदाराने सुटे पैसे दिले की त्याच्यासमोरच उलटसुलट करून पाहणारा. मोताळ्याच्या बाजारात मी येताना दिसलो की भाजीवाले एकमेकांना खुणा करतात, असंही मला वाटतं. करतही असतील. माझी बायको रेखा याची चेष्टा करायची. म्हणायची, "तुमाले देव भेटला तं त्याचंबी आधार कार्ड पाहसान." मीही हसायचो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

रेखाची रोपवाटिका होती. घरामागच्या जागेत हिरवी जाळी बांधून ती मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं करायची आणि गावोगाव पोहोचवायची. मी मलकापूरला कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात नोकरीला, मोटरसायकलने जाऊन-येऊन. रोपांच्या ट्रेसाठी आणि शेतरस्त्यांसाठी आम्ही एक जुनी जीप घेतली, चारही चाकांना ताकद देणारी. किलोमीटरचा काटा बंद पडलेला होता, बाकी गाडी दणकट. चालवायला तिला मीच शिकवलं.

आणि शिकवलं म्हणजे काय — डिझेल कसं वाचवायचं, तेच जास्त शिकवलं. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. इंजिन ओरडायच्या आत गिअर बदलायचा. पुढे गतिरोधक दिसला की आधीच ॲक्सिलरेटर सोडायचा, जवळ जाऊन करकचून ब्रेक मारायचा नाही. कुणाशी बोलत उभं राहायचं असेल तर इंजिन बंद. चाकांत हवा पुरेशी, टपावरचं रिकामं कॅरिअर काढलेलं. तिने हे सगळं मन लावून उचललं. इतकं, की तिच्या हातात गाडी माझ्यापेक्षा जास्त ॲव्हरेज द्यायला लागली. तिच्या फेरीतली गावं ठरलेली होती, अंतरं मला मोटरसायकलमुळे पाठ होती, आणि दर आठवड्याला टाकी मीच फुल करायचो. त्यामुळे हिशेब मला कळत होता. मला ते आवडलं का? मी तिचं कौतुक केलं, हे खरं. पण आतून थोडं टोचलंही. हेही खरंच सांगायला हवं ना?

एकच गोष्ट मी तिला शिकवली नाही. मोठ्या गिअरशेजारी एक छोटा दांडा असतो. पुढच्या दोन्ही चाकांवर बाहेरून, मधोमध बसवलेल्या चकत्या हाताने फिरवून लॉक करायच्या आणि हा दांडा पुढे टाकायचा — मग चारही चाकं ओढतात आणि चिखलातून गाडी निघते. पण डांबरी रस्त्यावर आलं की हे सगळं परत सोडवायला लागतं. नाही सोडवलं तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात, गाडी वळताना अडते आणि डिझेल पिते. मी तिला सांगितलं होतं, त्या दांड्याला हात लावायचा नाही, ते तुझं काम नाही. तिने कधीच लावला नाही.

एका परतीच्या पावसात, सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं रोपं द्यायला गेलो आणि एका शेताच्या वाटेवर गाडी काळ्या मातीत रुतली. मी खाली उतरलो, चकत्या फिरवल्या, दांडा पुढे टाकला, गाडी बाहेर काढली. चिखलाने बरबटलो होतो. हात पुसले आणि गमछा त्या छोट्या दांड्यावर अडकवला — तशी ती माझी नेहमीचीच जागा. मग गप्पा मारत घरी आलो. गमछा तिथेच राहिला. त्याच्याखाली दांडाही तसाच पुढे राहिला.

त्यानंतर डिझेल जास्त लागायला लागलं.

पहिल्यांदा मी पंपावर संशय घेतला. पंप बदलला. मग वाटलं, रात्री कुणी टाकीतून काढतं की काय. टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. तरी तेच. मग — आता लिहिताना हात थांबतो — मग मला वाटलं, ही ठरलेल्या गावांपलीकडे कुठेतरी जाते. मीटर बंद, मी दिवसभर मलकापुरात. कोण बघणार? ट्रे आणि त्यांत भरायचा नारळाचा भुसा, कोकोपीट, ती ज्या कृषी केंद्रातून आणायची, त्या दुकानदाराशी ती फोनवर मोकळेपणाने बोलायची, हसायची. पूर्वी त्यात मला काहीच दिसलं नव्हतं. आता प्रत्येक हसणं मला ऐकू यायला लागलं. ती अंघोळीला गेली की मी तिचा फोन उघडून पाहायचो. त्यात रोपांचे फोटो होते, मिरचीची पानं आकसवणाऱ्या बोकड्या रोगाचे, ट्रेचे. काही सापडलं नाही, तर मला वाटायचं, पुसून टाकलं असेल.

त्याच दिवसांत एकदा ती जेवताना म्हणाली, "अहो, गाडी जड चालून राह्यली. वळता वळत नाई."

मी म्हणालो, "गाडी नाही, तुहा पाय जड हाये."

सांगा, एखादा माणूस स्वतःहून दोष सांगत येतो आणि आपण त्यालाच दोष देतो, हे कुठून येतं? टाकी भरायला नेताना मलाही गाडी ओढल्यासारखी लागली होती. पण पंपापर्यंतचा रस्ता सरळ. मी मनात म्हणालो, हिने क्लच घालवला. ती मात्र आपण काही लपवत नाही म्हणूनच बोलत होती. आणि मी त्यातही डाव शोधला — जास्तीच्या डिझेलची सबब आधीच तयार करून ठेवते आहे, असं मला वाटलं.

शेवटी एका संध्याकाळी मी तिला सरळ विचारलं, कुठे जातेस? कुणाकडे जातेस? त्या दुकानदाराचं नावही घेतलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तिने गॅस बंद केला, पिठाचे हात धुतले, खुंटीवरची चावी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"माह्यावर इस्वास नाई तं चाबी तुमच्याजवळच ठेवा. मी नाई शिवणार आता."

मी चावी उचलली. त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. हे सांगायला लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

पुढच्या सुट्टीला उरलेली रोपं पोहोचवायला मीच जीप काढली. रोपं भरून अंगणातच गाडी पूर्ण फिरवताना पुढची चाकं खडीवर अडून अडून सरकली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी रेटावं लागलं. कपाळावर घाम आला म्हणून गमछा ओढला — आणि दांडा दिसला. पुढे टाकलेला. मी खाली उतरलो. दोन्ही चकत्या लॉकवर होत्या. मीच फिरवलेल्या. त्यांना हात लावणारं दुसरं कुणीच नव्हतं.

मी तिथेच चाकापाशी उकिडवा बसलो. रेखा मागे जाळीत रोपांना पाणी देत होती, पाइपचा आवाज येत होता. उठून आत जायचं आणि म्हणायचं, चूक माझी होती, तू कुठेही गेली नव्हतीस. एवढंच तर होतं. मी काय केलं? दोन्ही चकत्या परत फिरवल्या. दांडा मागे घेतला. गाडीत बसून निघून गेलो.

अर्थातच ॲव्हरेज परत आलं. आणि इथून पुढे जे केलं, ते संशयाहून वाईट आहे. संशय घेताना मला निदान खरं माहीत नव्हतं. आता माहीत होतं. रेखाला काहीतरी सांगणं भाग होतं, कारण ती घरात माझ्याशी बोलत नव्हती. मी तिला म्हणालो, "माह्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. तू कोठं गेली नाई, मले पटलं. तुले गाडी नीट हाकता येत नाई, एवढंच हाये. म्हणून डिझेल लागत होतं."

तिला बरं वाटलं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एका मोठ्या आरोपातून ती सुटली, त्यापुढे हा लहान आरोप तिने घेऊन टाकला. भाऊबीजेला तिचा भाऊ संग्रामपूरहून आला, त्याने विचारलं, "भाऊजी, ताई आता गाडी काऊन नाई चालवत?" मी हसून म्हणालो, "चालवत नाही म्हणून तं ॲव्हरेज आलं ना बे!" सगळे हसले. तीही हसली, ताटात करंजी वाढता वाढता.

रोपवाटिका तिने आणखी एक हंगाम कशीबशी चालवली. गावांतून फोन यायचे, पण पोहोचवणार कोण? मला वेळ नसायचा. मग हिरवी जाळी उतरली. आता तिथे आम्ही कपडे वाळत घालतो.

पुढची सगळी वर्षं मला एकच भीती होती, की तिला कळलंय. कधीतरी कुणाकडून तरी तिला त्या दांड्याचं कळलं असणार, आणि ती मुद्दाम गप्प आहे. ती जरा जास्त वेळ माझ्याकडे बघायला लागली की मला वाटायचं, आज बोलणार. तिच्या गप्प बसण्यावरही मी संशयच घेतला.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं मोताळ्याच्या आठवडी बाजारात होतो. पिशव्या माझ्या हातात, ती मेथी निवडत होती. तिच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हातारी भेटली, मिरचीची रोपं घेणारी. तिने रेखाचा हात धरला आणि विचारलं, "काऊन वं बाई, आता जीप घेऊन येत नाई? तुह्या रोपाची सर नाई कोणाले. कशी भर्रकन यायची तू!"

रेखा लाजून हसली. म्हणाली, "मले कोठं नीट येत होती मावशी? पाय आवरत नव्हता माहा. डिझेलच लय जाळलं मी." आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाली, "यायनं सोसून घेतलं, म्हणून चाललं तेवढे दिवस."

तिच्या डोळ्यांत काहीच लपवलेलं नव्हतं. तिला काही कळलेलं नव्हतं. मी सांगितलं होतं, म्हणून तिने ते खरं मानलं होतं.

म्हातारी माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवत होती. मी पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या, मेथीचे पैसे दिले, आणि उरलेले सुटे परत घेऊन मोजले.