घरी कोण आहे?

माइक सुरू झाला की नाही हे बघायला लोक त्यावर फुंकर मारतात. सूचनामामा खोकायचे. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. तो दुसरा खोकला ऐकला की आमच्या गावातल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, कारण आज कोण कुठे निघालं ते आता कळणार असायचं. "सूचना. समस्त गावकऱ्याईले कळवन्यात येते का, वसंता आन् त्याची बायको उमरखेडले गेले. संध्याकाळच्या यष्टीनं येतीन. तवर त्याईच्या दाराकडं ध्यान ठेवजा."

फुलसावंगीच्या अलीकडे आमचं गाव. तिथे ग्रामसुरक्षा दल निघालं तेव्हा बऱ्याच जणांनी नावं दिली. शिट्टी मिळाली, काठी मिळाली आणि पाठीवर दलाचं नाव छापलेलं जाकीट मिळालं. बाकीच्यांची जाकिटं पुढे फवारणीच्या वेळी अंगात घालायच्या कामी आली. मामांनी मात्र आपलं भर मे महिन्यातही उतरवलं नाही. मी चिडवायचो, "मामा, उकडत नाही काय तुमाले?" ते गंभीरपणे म्हणायचे, "भाचेबुवा, चोर काय ऊन पाहून येते?" नात्याने ते माझे मामा नव्हेत. पण माझ्या आईला बहीण मानून बाई म्हणायचे, म्हणून मी भाचा.

दलाच्या पहिल्या बैठकीत पोलीस ठाण्याच्या साहेबांनी एक पत्रक वाटलं होतं. अनोळखी माणसाजवळ दागिने उजळायला देऊ नका, फोनवर कुणाला ओटीपी सांगू नका, असं बरंच काही त्यात होतं. एक ओळ होती, बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांना कळवा. मामांचं बोट त्या ओळीवर अडलं. "शेजारी म्हंजे कोन? दोन घरं इकडची न् दोन तिकडची? अन् तेई कापूस वेचाले गेले तं? सारं गावच शेजारी हाये बाप्पा." दुसऱ्या दिवसापासून ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर ही सूचना सुरू झाली.

हसू नका, ती चांगली चालली. एकदा वसंताच्या बंद दारापाशी एक पिशवीवाला माणूस घुटमळताना दिसला, तर आठ बायकांनी त्याला घेरलं. कोणतं गाव, कोणाच्या घरचा, पिशवीत काय, सगळं विचारून झालं. निघाला वसंताचा साडू. मग त्याच बायकांनी त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला, आणि मामा आठवडाभर छाती काढून फिरले. कितीतरी वर्षं आमच्या गावात चोरी म्हणून झाली नाही.

त्या दिवशी मामांना सांगायला मीच गेलो होतो. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे सगळ्यांनी बोट त्यांच्याकडेच दाखवलं. आईचा कळंबच्या चिंतामणीला नवस होता. मी, बायको आणि आई, तिघंही निघालो. "घरी कोनीच नाही मामा, माइकवर सांगून देजा." त्यांनी विचारलं, "वापस कधी?" म्हटलं, "दिवेलागनीले." मामांनी शब्दही न बदलता ते भोंग्यावर सांगितलं. स्टँडवरच्या हॉटेलात तेव्हा मोटारसायकलवर चादरी विकत फिरणारे दोघं चहा पीत बसले होते म्हणे. कापूस वेचणीचे दिवस, आठ काय, एकही बाई गल्लीत नव्हती.

आम्ही आलो तर कुलूप तुटलेलं, आणि तुरीची कोठी उपडी. त्या तुरीत आईचं डोरलं होतं. बाबा गेल्यावर तिने ते उतरवून चिंधीत गुंडाळून तिथे ठेवलं होतं. पोळ्याच्या दिवशी काढायची, पदराने पुसायची, परत ठेवायची. नवऱ्याचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. ती सांडलेली तूर सुपात भरत बसली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून साहेब आले. नवे होते, पण माणूस बरा होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "काका, तुमचा आवाज चोरालाही ऐकू जातो ना." रागावून नाही म्हणाले. मामा आईकडे वळले. "बाई, घर खाली हाये म्हून म्याच सांगतलं त्याईले." आई म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, तुमी काय जानून केलं?" मी तिथेच उभा होतो. मामांना सांगायला मी लावलं, एवढंसं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आजही त्याची लाज वाटते.

भोंगा बंद झाला. मामा आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. आमच्या दाराला कुलूप लागलं की जाकीट घालून हजर. "जा तुमी, मी हाये." आम्ही वावरातून परत येईपर्यंत तिथेच, उन्हात, पाठ दाराला टेकून. मी समजावलं, हात जोडले, एकदा तर ओरडलो, "आता काय राह्यलं मामा चोराले? कायले बसता?" ते म्हणाले, "घर हाये ना." मागच्या दाराने निघून पाहिलं, तरी त्यांना कळायचं. शेवटी आईने बाहेर पडणंच सोडलं. घरात माणूस असलं की मामा येत नसत. वावर, भजन, भावकीतली लग्नं, सगळं तिने बंद केलं. एका म्हाताऱ्याने बाहेर बसू नये म्हणून दोन वर्षं एक म्हातारी आत बसून राहिली. कुणाला काय म्हणावं सांगा.

या वैशाखात शेजारच्या गल्लीत लग्न होतं, म्हणून ती तासभर गेली. कुलूप लागलं. मामा आले. आम्ही परत आलो तर ओट्यावर कलंडलेले होते. ऊन लागलं होतं. यवतमाळला नेलं, वाचले, पण एक बाजू गेली, आणि नजर अशी गेली की समोरचं माणूस ओळखेना. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

मागच्या आठवड्यात आई आणि मी त्यांना बघायला गेलो. बायको माहेरी होती. मामा खाटेवर होते, जाकीट खुंटीला. माझा आवाज त्यांनी ओळखला. "भाचेबुवा?"

"हो मामा."

"घरी कोन हाये?"

विचारतानाच त्यांनी चालत्या हाताने खाटेच्या कडेची पाटी धरली होती आणि उठायला जोर लावत होते. आमची किल्ली माझ्या मुठीत होती. आई त्यांच्या उशाशी उभी होती. 'भाऊ' म्हणून हाक मारायला तिने तोंड उघडलंच होतं.

मी म्हटलं, "आई हाये मामा. दारातच बसली हाये."

आईने पदर तोंडाला लावला आणि दोन पावलं मागे सरली.

"मंग ठीक हाये," मामा म्हणाले, आणि त्यांनी पाटी सोडली.

त्यानंतर ते माझ्याशी बराच वेळ बोलत होते. आई भिंतीला टेकून उभी होती, तिला बसताही येईना. निघताना तिने चपला पायात घातल्या नाहीत. हातात घेतल्या आणि तशीच, तापलेल्या अंगणातून, आवाज न करता बाहेर गेली.