मावशींनी शिकवलेली कूस

मावशींना नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक. पुरुषांच्या वॉर्डात तीस वर्षं त्या आयाचं काम करत होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं अंग पुसायचं, त्याची कूस बदलायची, त्याला खाली न उतरवता अंगाखालची चादर काढायची. चांगला दांडगा गडीही त्या एकट्याने अलगद वळवायच्या. तोंडाने मात्र फटकळ. डॉक्टरसुद्धा वॉर्डात पाय ठेवण्याआधी बूट पुसून घ्यायचे.

एका सकाळी मेट्रनबाई एका तरुण बाईला घेऊन आल्या. "मावशी, या सिनेमात काम करतात. आजारी बापाची सेवा करणाऱ्या मुलीची भूमिका आहे. आठवडाभर तुमच्या हाताखाली राहतील."

मावशींनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "नखं कापून ये," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती नखं कापून आली. बेशुद्ध पडलेल्या एका म्हाताऱ्याला वळवायला तिने त्याचा दंड धरून ओढला, तशा मावशी कडाडल्या, "अगं, पोतं आहे का ते? खांदा निखळेल त्याचा! एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे. आणि आधी सांग त्याला, वळवतेय म्हणून."

"पण त्यांना ऐकू येतं का?"

"ते आपल्याला काय ठाऊक? आपण सांगायचं."

पोरगी चिवट निघाली. शिव्या खाल्ल्या, पण रोज वेळेवर आली. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, "मावशी, पेशंट गेला की तुम्ही काय करता?"

"काय करणार? चादर बदलते. दुसरा दारात उभाच असतो," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून चालत्या झाल्या.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. सून त्यांना हट्टाने दुपारच्या खेळाला घेऊन गेली. गोष्ट तशी बेताचीच. घरावरून भांडणारे दोन भाऊ, खाटेवरचा बाप आणि त्याचं सगळं करणारी बहीण. मावशींची कुजबूज थांबेना. "चार महिने पडून असलेल्या माणसाची दाढी इतकी गुळगुळीत? आणि ती औषधाची बाटली बघ, नवीकोरी!"

"आई, हळू बोला ना. लोक बघताहेत."

पण ती पडद्यावर आली की मावशी गप्प व्हायच्या. बाकीची मंडळी रडत-ओरडत होती. ती नुसती काम करत होती. वाकताना आधी पाय रोवत होती, बापाला सांगून मग हात लावत होती. "जमलं गं हिला," मावशी पुटपुटल्या.

मग बाप गेला. भाऊ धाय मोकलून रडू लागले. तिने चादर काढली, नवी अंथरली, तळहाताने सुरकुत्या सारल्या आणि रिकाम्या खाटेला हळूच म्हणाली, "झालं हं."

हे मावशींनी तिला शिकवलं नव्हतं. वॉर्डात कुणी गेलं की चादर घालून झाल्यावर त्या स्वतः असं म्हणायच्या, अगदी तोंडातल्या तोंडात. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या पोरीने ऐकलं होतं. मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि सुनेने काही न विचारता त्यांचा हात धरला.

वर्तमानपत्रांनी लिहिलं, सिनेमा ठीकठाक, पण नायिकेसाठी बघाच. एका मुलाखतीत तिने सांगितलं, की हे काम मला एका इस्पितळातल्या आयाने शिकवलं. मेट्रनबाई तो कागद घेऊनच वॉर्डात आल्या.

"मावशी, आपल्याकडे नव्या लागलेल्यांना शिकवाल का?"

"मी? मला सही करता येते तेवढीच. शिकवणार काय, कपाळ?"

"हिला काय फळ्यावर लिहून शिकवलंत?"

"एक खाट लागेल मग," मावशी म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी कपड्यांच्या खोलीत एक जुनी खाट टाकली. चार बायका आणि दोन पुरुष भिंतीला चिकटून उभे राहिले. मावशी सरळ खाटेवर आडव्या झाल्या. "मी पेशंट. बेशुद्ध आहे. हं, या एकेक."

त्या दिवशी त्यांना सहाजणांनी वळवलं. दोघांनी जवळजवळ खाली पाडलं. मावशींनी बेशुद्धीतच त्यांचा उद्धार केला. निवृत्त होईपर्यंतची दोन वर्षं त्यांचा हा वर्ग चालला, आणि खाटेवर पडून पाठीला होणाऱ्या जखमा वॉर्डात निम्म्यावर आल्या. नटी पुन्हा कधी आली नाही. मावशींनाही त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या कुणाकडे दुसरं काही शिकत असेल, असं त्या म्हणायच्या.

त्या पहिल्या वर्गानंतर मात्र त्या तडक मेट्रनबाईंकडे गेल्या होत्या. एकतीस वर्षं त्या इस्पितळात उभ्याच होत्या. आडवं पडून वर बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

"बाई, आपल्या छताचे पोपडे निघालेत. वॉर्डातही तेच, आत्ताच बघून आले," त्या म्हणाल्या. "पेशंटना दिवसभर तेवढंच दिसतं हो. रंग लावून घ्या."

पंधरा दिवसांत वॉर्डाच्या छताला फिकट निळा रंग लागला. रंग मावशींनीच निवडला होता.